पीठ सांडलंय का?

यंदा दिवाळीला कोथरूडला आमच्या सोसायटीत चार बाय चार फुटांची रांगोळी काढायची हौस मला नडली. पाठमोरी बाई, हिरवी साडी, गडद लाल काठ आणि खांद्यावरून झिरझिरीत पांढरी ओढणी. साडी दोन तासांत उरकली. ओढणीने रात्र खाल्ली.

आधी वाटलं, तयार साडीवर चिमटीने पांढरी भुरभुरली की झालं. तळमजल्यावरच्या आजी फराळाचं ताट घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पीठ सांडलंय का गं?" चिमटीतून कुठे दाट, कुठे विरळ पडलेलं, त्यांचं काय चुकलं!

पोस्टकार्डाने खरवडून सगळं उचललं. मग ओढणीखालच्या साडीला आणि काठाला एकच फिकट पोपटी भरला. आता तिथे कागद चिकटवल्यासारखा दिसायला लागला.

लेक मानसशास्त्र शिकते. तिने इटलीचे मानसशास्त्रज्ञ फाबिओ मेतेल्ली यांचं 1974 सालचं काम सांगितलं. अपारदर्शक चकतीचा एक भाग कापून ती दुरंगी पार्श्वभूमीसमोर जोरात फिरवली, की चकती न दिसता पातळ पडदा दिसतो. मागचे दोन्ही रंग पडद्याच्या रंगाकडे सारख्याच प्रमाणात झुकतात. त्यांच्यातला फरक कमी होतो, पण गडद असतं ते गडदच राहतं. माझ्या पोपट्यात तो फरकच उरला नव्हता.

रांगोळीचा कणही अपारदर्शकच की! रंगीत आणि पांढरे कण सारख्या प्रमाणात मिसळले, की त्या चकतीसारखंच होणार. दोन वाट्या घेतल्या. एकीत तीन चमचे हिरवी, तीन पांढरी. दुसरीत तीन लाल, तीन पांढरी. गुलाबी जरा गोडच झाला, पण प्रमाण मोडलं नाही.

तरी ओढणी बसेना. लेक म्हणाली, "आई, काठ बघ." ओढणीच्या कडेपाशी काठाची रेघ अर्धं बोट सरकली होती. आतला काठ बाहेरच्याला जुळतच नव्हता, मग तो त्याच साडीचा आहे हे डोळ्याने का मानावं? सुतळी ताणून रेघ सरळ केली आणि ओढणी एकदम साडीवर येऊन पडली. मी उठून दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. खरंच पडली होती.

राहिली चुणी. तिथे कापड दुहेरी, म्हणजे अर्ध्याचंही अर्धं दिसणार: एक चमचा रंग, तीन पांढरी. नेमकी तिथेच पांढरी संपली. रात्री दीडला शेजारून मागून आणलेली भरड निघाली. दोनदा चाळूनही डाव्या चुणीवर खडे दिसतातच.