छे, जागीच होते

परवा दुपारी पावणेतीनला फोन वाजला. कुठल्याशा बँकेची मुलगी होती, क्रेडिट कार्ड घ्या म्हणणारी. माझं "हॅलो" ऐकून बिचारी चपापली. "सॉरी मॅडम, झोपला होतात का?" मी घसा खाकरला आणि म्हणाले, "छे छे, कामात होते."

फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. ही मुलगी कोण, कुठली, तिला माझं नावसुद्धा यादीत बघून वाचावं लागलं असणार. कार्ड नको हे मी तिला तोंडावर सांगितलं, त्यात काही वाटलं नाही. पण झोपले होते, एवढं काही तोंडातून निघेना. गालावर उशीच्या अभ्र्याचा वळ, एक डोळा अजून मिटलेलाच, आणि म्हणे कामात होते.

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. एकपर्यंत मी घरी. जेवण, ओटा, भांडी असं करत दोन वाजतात, आणि मग गॅलरीतल्या फरशीवर चटई टाकून मी आडवी होते. शेजारी पेपरांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर लाल पेन, त्याचं टोपण काढलेलं. कुणी आलंच तर पेपर तपासत होते म्हणता येतं. सातवी ब चे पेपर गेले चार दिवस माझ्या शेजारी नुसते झोपून आहेत. टोपण काढून ठेवल्यामुळे दोन पेनं वाळली, ती वेगळीच.

आपल्याकडे दुपारी कुणी झोपत नाही, हे एकदा मान्य करायला हवं. आपण पाठ टेकतो, जरा लवंडतो, कलंडतो, फार तर पाच मिनिटं आडवे होतो. आणि त्यात डोळा लागतो. डोळाच लागतो, आपण काही करत नाही. झोपसुद्धा लागतेच, ठेच लागते, उचकी लागते, कुत्रं मागे लागतं, तशी. बसलं होतं माणूस सरळ, तेवढ्यात लागली, त्याला कोण काय करणार? इतकी तयार पळवाट भाषेने ठेवली असताना मी त्या मुलीला "डोळा लागला होता हो" इतकं तरी म्हणायला काय हरकत होती? पण नाही. कामात होते.

हे घराण्यातच आहे बहुतेक.

आमचा वाडा जुन्या नाशिकात, तिवंध्याच्या बाजूला होता. सुटीत दुपारची जेवणं झाली की आम्हा सगळ्या मुलांना रस्त्याकडच्या खोलीत घालून दारं लावून घ्यायचे. "गुपचूप पडा. ऊन लागेल." मिट्ट काळोख, खाली गार जमीन, सहा-सात मुलं ओळीने आडवी, एकालाही झोप नाही. दाराच्या एका फळीतली गाठ निखळली होती. वाटाणा जाईल एवढं भोक. त्या भोकातून समोरच्या भिंतीवर सगळी गल्ली उतरायची. उलटी. आभाळ जमिनीकडे, रस्ता आढ्याकडे. सायकलवाला आढ्याला चाकं लावून जायचा. एखादी बाई डोक्यावरून पदर घेऊन चालली असली, तर पदर खाली आणि पावलं वर. मधूनच एक गाय यायची आणि उलटी उभी राहून बराच वेळ शेपूट हलवत बसायची. कल्हईवाल्याची आरोळी डावीकडून ऐकू आली की आम्ही भिंतीच्या उजवीकडे डोळे लावायचो, कारण तो तिकडूनच येणार हे पाठ झालं होतं. रंग फिकट, धुतलेल्या लुगड्यासारखे. पण सगळं हलतं. आम्ही त्याला सिनेमा म्हणायचो. थोरल्या भावाने एकदा ते भोक मोठं केलं, जास्त चांगलं दिसेल म्हणून, तर सगळं धूसर झालं. मग त्यात चिंधीचा बोळा घालून, ओढून, परत घालून, दोन दुपारी खटपट करून त्याने सिनेमा पुन्हा जागेवर आणला.

आजी आमच्या राखणीला. खांबाला टेकून बसलेली, मांडीवर कापूस, शेजारी राखेची वाटी. तिने लाख वातींचा नेम धरला होता. बोटाला राख लावायची, वात वळायची, शंभर झाल्या की दोरा गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. दुपारी आजी झोपलेली मी जन्मात पाहिली नाही. पण एकदा, सगळे पेंगत असताना, मी कूस बदलली तर आजीचे हात थांबलेले. वात अर्धी वळलेली, चिमटीत तशीच. आजी सिनेमा बघत होती. किती वेळ कोण जाणे. चेहरा असा की आपली आजी ही नव्हेच, कुणी दुसरीच मुलगी आहे. तेवढ्यात माजघरातून चुलत आजीची जोडवी वाजली आणि आजीचे हात आपोआप सुरू झाले. नजर भिंतीवरच. जोडवी लांब गेली, हात पुन्हा थांबले. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने डोळे मोठे केले, म्हणजे झोप. मी झोपले.

दिवसाला शंभर धरल्या तरी लाख वातींना हजार दिवस पुरतात, म्हणजे तीन वर्षंसुद्धा नाहीत. आजीला नऊ वर्षं लागली. आणि हात जड होता म्हणावं, तर पुरणपोळ्या लाटायला बसली की तव्यावरच्या बाईला घाम फुटायचा.

देवाचं बरं असतं. आषाढी एकादशीला झोपतो तो कार्तिकीला उठतो, चार महिने, आणि तेही कॅलेंडरात छापून. वर रोज रात्रीची शेजारती आहेच. "का रे देवा, बरं नाही का?" असं त्याला कुणी विचारत नाही.

बाबा प्रेसमध्ये होते. नाशिकमध्ये प्रेस म्हटलं की कुणाच्या डोक्यात वर्तमानपत्र येत नाही, नोटा येतात. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतात. बाबा शालिमारहून बस पकडायचे, आणि बस द्वारकेला पोचायच्या आत त्यांची मान खिडकीच्या गजाला टेकलेली असायची. बिटकोला बरोबर जाग. ही झोप त्यांना चालायची, कारण त्या वेळात ते प्रवास करत असत. घरी मात्र रविवारीसुद्धा पलंगावर दुपारी पाठ नाही. आरामखुर्चीत, पेपर छातीवर उघडा, चष्मा डोळ्यांवर. "वाचतोय" म्हणायचे. घोरत असताना पेपर ओढला तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "असू दे, वाचतोय."

बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, हे नाशिककराला सांगायला नको.) दिवसपाळी असली की बाबा संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला जायचे आणि दोन दोन तास यायचे नाहीत. एका बुधवारी आईने मला बघायला पाठवलं. बाजारात नाहीत. शोधत शोधत घाटावर गेले, तर दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे एका पायरीवर बसलेले. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, पिशवी पायांत धरलेली. पुराचं पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे बघायला सगळं गाव धावतं. पण एरवी त्याच्या पायाशी मुलं डुंबत असतात तेव्हा त्याच्याकडे कोण बघतंय? बाबा बघत होते. मी जवळ गेले तसे दचकले.

"मेथी उतरायची वाट बघतोय," म्हणाले. "सातनंतर उतरते."

पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या. पार मान टाकलेल्या. आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं आणि काही बोललो नाही. येताना त्यांनी मला कैरीची फोड घेऊन दिली, तिखटमीठ लावलेली. आईला सांगू नकोस, असं काही ते म्हणाले नाहीत. पण मी सांगितलं नाही.

बाबा 2003 साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर 300 दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. तीनशेच्या वर ती साठतच नाही, नाहीतर त्यांनी आणखी साठवली असती. निरोप समारंभाला साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला. बाबांनी घरी येऊन तो आम्हाला तीनदा सांगितला. मग त्या रजा विकल्या. विकल्या हाच शब्द, रद्दी विकावी तसा. तीनशे दिवस म्हणजे दहा महिने. त्यातून तेव्हा नवीन घेतलेल्या ह्या फ्लॅटच्या गॅलरीला कोटा फरशी बसली, ग्रिल लागलं, उरलेले एफडीत गेले. शहाबादी घ्या म्हणून आई सांगत होती. बाबांनी कोटाच घेतली. उन्हाळ्यात गार राहते म्हणाले. त्यावर ते स्वतः कधी पडले नाहीत, कुंड्या ठेवल्या.

माझा मामा पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षवाला. मार्च-एप्रिलमध्ये मामाकडे गेलं आणि "बाग कशी आहे?" विचारलं की तो अगदी सरळ सांगतो, "बाग आराम करते." शेवटचा खुडा झाला, गाडी भरली, की छाटणीपर्यंत बागेला कुणी त्रास देत नाही. थोडं खत, बेताचं पाणी, बस. थंड मुलखात म्हणे द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून आपली आपण झोपते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेलीला झोप म्हणून येत नाही. बारा महिने हिरवी. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळाची, अशा दोन छाटण्या. आणि माल निघाल्यावर पहिल्या छाटणीच्या आधी हा महिनाभराचा आराम. एका वर्षी मी उगीच शहाणपणा केला. म्हटलं, लवकर छाटली तर लवकर माल येईल ना? मामा माझ्याकडे कीवेने बघत म्हणाला, "दमलेली असती ती. आत्ता हालवली तर पुढच्या साली घड जिरतो. वेलीची नुसती दोऱ्यासारखी बाळी येती, ताई. बाळी काय बाजारात नेऊ?"

हे सांगताना मामा बांधावर उभ्या उभ्याच चहा पीत होता. सकाळी पाचपासून पायांवर, आणि दुपारचे तीन झाले होते. मामी मागून म्हणाली, "बागेचं एवढं कळतं ह्यांना." त्यावर मामा कप तिच्या हातात देऊन मोटर बघायला निघून गेला. मागच्या वर्षी त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला होता. तेराव्या दिवशी तो बागेत होता, "नुसता बघायला".

तर क्रेडिट कार्डाच्या फोनपासून मी ठरवलं की आता खरं सांगायचं. दुसऱ्याच दिवशी तीन वाजता आत्याचा फोन आला, पंचवटीतून.

"काय गं, झोपली होतीस का?"

"हो आत्या, झोपले होते."

पलीकडे शांतता. मग एकदम आवाज खाली आणून, "का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. झोपले होते नुसती."

"बीपी बघितलंस?"

"बीपी ठीक आहे आत्या."

"मग शाळेत काही झालं का? जावई आहेत ना घरी? त्यांना दे बघू फोन."

झोपेतून मी पूर्ण जागी झाले तरी आत्याची खात्री पटेना. शेवटी कबूल केलं की सकाळपासून जरा कणकण आहे. मग तिला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत दोन चुलतभाऊ आणि एक वहिनी यांचे फोन येऊन गेले. वहिनीने गुळवेलीचा काढा कसा करायचा ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर गुळवेल पाठवूनही दिली. ती अजून ओट्यावर आहे. एवढा उद्योग करण्यापेक्षा "पेपर तपासत होते" किती सुटसुटीत.

दुपारी दोन ते चार गॅलरीतून तसं काही बघण्यासारखं दिसत नाही. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या साड्या, एसीच्या पाइपमधून ठिपकणारं पाणी, त्याखाली येऊन बसलेलं एक मांजर. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात कामं निघालीत, त्यातलं एक आमच्या रस्त्याला आलंय. पण दुपारी जेसीबीवालासुद्धा केबिनमध्ये पाय वर करून पडलेला असतो. तेवढा वेळ पूर्ण शांत. पाठीखाली फरशी गार असते. ती खरंच गार राहते, बाबा म्हणाले होते तशी. कुंड्या मी केव्हाच कठड्यावर हलवल्या.

फरशीचा एक तुकडा मात्र सुटलाय, नेमका माझ्या डाव्या खांद्याखाली. कूस बदलली की टक् वाजतो. गवंड्याला सांगून ठेवलंय. तो म्हणतो, "मॅडम, मला दुपारचाच वेळ असतो, अडीच-तीनला येऊ?"

त्याला म्हटलं, दुपारी मी घरी नसते.