पाचट कुजेना आणि खोडवा पिवळा

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठची काळी. ऊस तुटला, टोळी पुढच्या फडाला गेली, वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरांना गेलं, की राहिलेल्या पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी लावायची ही आमच्याकडची पिढीजात रीत. आबांचं म्हणणं, राख पण खतच की! पण त्या धुरातून नत्र आणि सेंद्रिय कर्ब निघून जातो आणि राखेत थोडंफार पालाश तेवढं उरतं. एकरी तीन-चार टन पाचट असं उडवायचं आणि मग शेणखताची ट्रॉली विकत आणायची, हे मला पटेना.

पहिल्या वर्षी मी दुकानातून पाचट कुजवायच्या कल्चरच्या पुड्या आणल्या. चार दिवस त्या शेडच्या पत्र्याखाली तापत पडल्या होत्या. एका दुपारी उन्हातच त्या सुक्या पाचटावर भुरभुरल्या. झालं काम. महिन्याभरानं पाचट तसंच खडखडत होतं. वर खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक, पिवळा पडला. तात्या बांधावरून म्हणाले, "औषध पाचटाला मारलंस का उसाला?"

गंमत अशी की दांडाच्या कडेला, जिथं पाणी झिरपत होतं, तिथलं हातभर पाचट काळं पडलं होतं आणि त्यावर पांढऱ्या बुरशीचे धागे होते. तिथं उकिडवं बसल्यावर डोक्यात उजेड पडला. पुडीतली बुरशी आणि जिवाणू म्हणजे जीवच. त्यांना ओल लागते, आणि खायला नत्र. पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र शंभर किलोमागं जेमतेम अर्धा किलो. मग जे काही जिवाणू जगले त्यांनी जमिनीतला नत्र ओढला आणि माझा खोडवा उपाशी राहिला.

दुसऱ्या वर्षी नीट केलं. बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबलं, बुडखे जमिनीलगत छाटले. एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर सारखं फेकलं. चार किलो कल्चर शेणकाल्यात कालवून ऊन उतरल्यावर शिंपडलं आणि लगेच पाणी सोडलं.

ते पाणी मात्र कुणी सोपं समजू नये. लाईट रात्रीची, आणि पाचटानं भरलेल्या सरीत पाणी पुढं सरकतच नाही. बॅटरी घेऊन, पाचट तुडवत, तुंबलेलं मोकळं करत एका एकराला नेहमीच्या दीडपट वेळ गेला. पाय खरचटले ते वेगळंच.

खोडव्याचं खतही फेकून चालत नाही. पाचट हलवायचं नाही म्हणून बगला फोडणं, म्हणजे सरीच्या बाजूची माती नांगरून मोकळी करणं, बंद. मग एकानं पहारीनं बुडख्याजवळ भोक पाडायचं, दुसऱ्यानं त्यात खत टाकून बुजवायचं. गडी कुरकुरतात. पाहुण्यांनी गाझियाबादच्या सरकारी सेंद्रिय शेती केंद्राची, तेव्हा वीस रुपयांना मिळणारी वेस्ट डीकंपोजरची (काडीकचरा कुजवायच्या जिवाणूंची) बाटली दिली होती, तीही २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून, रोज ढवळून, आठवड्यानं एका तुकड्याला पाटपाण्यातून सोडली. मला दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. ओल टिकली तिथं कुजलं, नाही तिथं नाही.

तिसऱ्या महिन्यात पाचट पायानं उचकटलं. वरचा थर करकरीत, खाली काळा भुगा आणि गांडुळं. तण जवळपास नव्हतंच, आणि दहा-बारा दिवसांची पाण्याची पाळी सतरा-अठरावर गेली होती.

गेल्या फेब्रुवारीत माझं पाचट सरीत अंथरलेलं असतानाच तात्यांनी त्यांच्या फडाला काडी लावली. वारं आमच्या रानाकडं वाहत होतं. आबांनी स्वतः मोटर चालू केली, आणि बांधालगतच्या चार सऱ्या भिजवून आम्ही दोघं पहाटेपर्यंत बांधावर बसून राहिलो.