बिस्किटं खाणाऱ्या सशाला गवतावर आणताना – माझा अनुभव

भुऱ्या आमच्याकडे आला तो नणंदेकडून. तिची पुण्याला बदली झाली, नवीन घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून एका रविवारी पिंजरा, रंगीबेरंगी खाद्याचं पाकीट आणि ससा असं सगळं आमच्या प्रभादेवीच्या वन बीएचकेत येऊन पडलं. जाताना सांगून गेली, "वहिनी, सकाळी दोन मारी, दुपारी गाजर, रात्री भिजवलेले चणे, बाकी त्याचा काही म्हणजे काही त्रास नाही."

त्रास नव्हता हे खरं, पण मागच्या बाजूला केसांना सारखे मऊ चिकट गोळे चिकटलेले असायचे आणि वास यायचा. मला आधी वाटलं जुलाब झालेत. बिल्डिंगमधले सगळे म्हणाले परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलला ने, पण तेवढ्यात ओळखीतून ससे आणि पक्षी बघणारे एक डॉक्टर मिळाले, आणि ते मिळणं हेच मोठं काम आहे कारण बहुतेक क्लिनिकमध्ये कुत्रा-मांजरच बघतात, ससा म्हटलं की "बघतो" असं जरा चाचरत म्हणतात.

डॉक्टर म्हणाले हे जुलाब नाहीत. ससा दोन प्रकारची शी करतो, एक आपल्याला दिसतात त्या कोरड्या गोल लेंड्या, आणि दुसरी मऊ, द्राक्षाच्या घोसासारखी, जी तो थेट तोंड लावून परत खातो कारण त्यात जीवनसत्त्वं असतात. खाण्यात साखर आणि पीठ जास्त झालं की ही दुसरी शी घट्ट होत नाही, शिवाय पोट भरलेलं असतं म्हणून तो ती खातही नाही, मग ती केसांना चिकटते. मग त्यांनी बॅटरी लावून दाढा बघितल्या, कडेला टोकं आलेली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवं रगडून चावल्यामुळे. मारी बिस्किट चावून काय झिजणार.

म्हणजे मी गेले होते "कुठली भाजी देऊ, कुठलं फळ देऊ" विचारायला आणि डॉक्टर अर्धा तास फक्त गवतावर बोलले! त्यांचं म्हणणं, खाण्यातलं 80 ते 85 टक्के गवत, सुकं किंवा ताजं, आणि ते चोवीस तास समोर पाहिजे, त्याच्या अंगाएवढा ढीग. मग हिरवा पाला. मग खाद्याच्या गोळ्या, सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 25 ग्रॅमच्या वर नाही. आणि फळ म्हणजे फक्त खाऊ, दिवसाला एखाद-दोन छोटे चमचे, तेही रोज नाही दिलं तर उत्तम. गाजर त्यांनी फळातच टाकलं, गोड असतं म्हणून, वरचा पाला मात्र खुशाल द्या म्हणाले. एक गोष्ट दोनदा बजावली: जुनं खाणं एकदम बंद करायचं नाही. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तरी आतडी थांबतात, गॅस धरतो, त्याला उलटीही करता येत नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे "उपाशी ठेवू, भूक लागली की खाईल गवत" हा आपला पोरांवरचा प्रयोग इथे अजिबात करायचा नाही.

टिमोथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मागवलं, महाग पडलं, आणि भुऱ्याने त्याचं काय केलं तर त्यावर बसला. खाल्लं नाहीच. मग मला दूर्वा सुचल्या. दादरला स्टेशनबाहेर फुलमार्केटात सकाळी लवकर गेलं की जुड्या मिळतात, म्हटलं बघू तरी, डॉक्टरांना फोन करून विचारलं तर म्हणाले बेस्ट, फक्त निर्मळ पाहिजेत, देवाला वाहिलेल्या हळदकुंकू लागलेल्या नकोत. दूर्वा त्याने अशा काही खाल्ल्या की आमचे अहो म्हणाले हा गणपतीचाच भक्त निघाला. मग मी दूर्वा बारीक कापून सुक्या गवतात मिसळायला लागले, वरून कोथिंबिरीच्या चार काड्या खोचायच्या, म्हणजे काडी ओढताना तोंडात गवतही येतं. हळूहळू दूर्वा कमी, सुकं जास्त. बिस्किटं तुकड्या-तुकड्याने कमी केली, चणे बंद केले. काही आठवडे गेले यात, आणि मधे एकदोनदा तो रागाने पाय आपटून भांडं उलटं करायचा ते वेगळंच.

देवळाबाहेर गाय घेऊन बसतात ना बायका, त्यांच्याकडच्या पेंढ्या स्वस्त मिळतात म्हणून तेही विचारलं. त्यात बरेचदा लसूणघास (गुरांचा हिरवा चारा, लसणाशी संबंध नाही) असतो, तो सहा-सात महिन्यांच्या आतल्या पिल्लांना चालतो, पण मोठ्या सशाला रोज नको कारण कॅल्शियम फार. सशाच्या शरीरात खाण्यातलं कॅल्शियम भरपूर शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीतून पडतं, मग लघवी पांढरी, चुन्याच्या पाण्यासारखी होते आणि मूत्राशयात गाळ साचतो. रस्त्याकडेचं गवत तर अजिबात नको, आपल्याकडे कुत्रे, उंदीर आणि पावसात तुंबलेलं पाणी, सगळं त्याच्यावरून गेलेलं असतं.

मग भाज्या. इथे नियम एकच, एका वेळी एकच नवी भाजी, चिमूटभर, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या, गोल आणि कोरड्या असतील तर पुढे जायचं. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, "शेपू – ठीक", "कोबी – लेंड्या लहान, बंद". दूधवाल्याच्या हिशोबाच्या बाजूला सशाच्या लेंड्यांचा हिशोब! कोथिंबीर, पुदिना, शेपू, तुळस, मुळ्याचा पाला, ढोबळी मिरची बिया काढून, हे सगळं जमलं. मेथी थोडी. पालक आणि माठ क्वचित, त्यात ऑक्झलेट जास्त असतं म्हणून. काकडी आवडते पण ती नुसती पाणीच, जास्त झाली की पोट सैल. फ्लॉवरचा गड्डा नको, गॅस होतो, बाहेरचं कोवळं पान एखादं चालतं. अळू चुकूनही नाही, जे आपल्याच घशाला खाजतं ते त्याला कशाला. कच्चा बटाटा, टोमॅटोची पानं, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट हे पण कायमचं बाद. आणि गॅलरीतला मनीप्लांट मी उचलून वर टांगला.

खरी लढाई मात्र घरात होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं म्हणणं "मुकं जनावर आशेने बघतं गं, एक चपातीचा तुकडा दिला तर काय मरतं का". डॉक्टरांचं सांगून झालं, चार्ट लावून झाला, उपयोग शून्य. शेवटी मी पाल्याचं खातंच त्यांच्याकडे देऊन टाकलं. त्या दुपारी सीरियल बघत भाजी निवडतात, कोथिंबिरीचे देठ नाहीतर टाकायलाच जातात, ते तीन-तीनदा धुऊन त्याला हाताने द्यायचे. आता चपाती बंद झाली कारण हातात द्यायला दुसरं काहीतरी आलं. फक्त ताटातली कांद्याची पात आणि लसूण वेगळ्या पेपरवर निवडायची अशी अट घातली, कांदा-लसूण सशाच्या रक्ताला बाधतो. त्या अटीवर त्या माझ्यापेक्षा कडक आहेत, मला ओरडतात.

फळांत सफरचंदाची फोड बिया काढून, पपई, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की एखादी, तिची हिरवी टोपी पण खातो. केळ्याची चकती आईंच्या एकादशीला, बस. द्राक्षं आणि चिकू मी देतच नाही, फार गोड. सीताफळ पिंजऱ्याच्या आसपास पण नको, बिया विषारी असतात. हापूसचा प्रश्न मे महिन्यात येतोच, नखाएवढा गर दिला, साल आणि बाठा नाही, आणि एवढ्यावरच थांबले कारण आमच्यालाच पुरत नाही. उन्हाळ्यात पाला ओला करूनच देते, तेवढंच पाणी पोटात जातं, तीसच्या वर पारा गेला की सशांना त्रास होतो आणि मुंबईत तो कधी खाली असतो! पावसाळ्यात उलटं, पालेभाजी चिखलाची आणि चिकट येते, ती धुऊन पंख्याखाली पसरून कोरडी करते, आणि गवत डब्यात घट्ट बंद न करता कापडी पिशवीत ठेवते, नाहीतर बुरशी येते.

एकदा लघवी लाल दिसली तेव्हा हातपाय गळाले होते माझे. डॉक्टर म्हणाले काही पाल्यांच्या रंगामुळे तशी होते, तरी नमुना आणा, पट्टीने तपासलं, रक्त नव्हतं. पण तुमच्याकडे असं झालं तर अंदाजावर सोडू नका, तपासून घ्या.

चिकट गोळे आता येत नाहीत आणि दाढांची टोकं एकदा घासून घ्यावी लागली त्यानंतर पुढच्या तपासणीत ठीक निघाली. सध्याचा आमचा प्रॉब्लेम भाद्रपदाचा आहे, गणपतीत दूर्वांच्या जुडीचा भाव असा चढतो की त्या दिवसांत भुऱ्याला पूर्णपणे सुक्या गवतावर राहावं लागतं. कुंडीत लावून बघितल्या तर वाढायच्या आधीच तो चरून जातो, त्यामुळे आता दोन कुंड्या आलटून पालटून वर ठेवायचं चाललंय.