निरंक

आमच्या अभिलेख विभागात रकाना कोरा सोडायचा नाही असा दंडक आहे. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर 'शुक्राणू आढळले नाहीत' हे वाचलं, तेव्हा मला आधी तोच शब्द आठवला.

त्याआधी दीड वर्ष बायकोच्या तपासण्या चालल्या होत्या. गर्भनलिका उघड्या आहेत का, थायरॉईड ठीक आहे का, आणखी काय काय. माझी तपासणी म्हणजे डबीत नमुना द्यायचा, एवढीच. ती सगळ्यात शेवटी झाली. रिपोर्टपेक्षा मला या गोष्टीची लाज जास्त वाटते, अजूनही.

दुसरा नमुनाही निरंक. मग वर्षभर 'संख्या वाढवायच्या' गोळ्या. (वाढवायला आधी काहीतरी असावं लागतं, एवढा साधा हिशोब मी केला नाही.) शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक बघितलं. ते बरंच वाढलेलं होतं. म्हणजे मेंदूखालची ग्रंथी हाका मारतेय आणि वृषणांकडून ओ येत नाही. नुसता मार्ग तुंबला असता तर एफएसएच सहसा वाढत नाही. त्यांनी जनुकीय तपासण्या लिहून दिल्या.

कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद, सरळ आला, ४६ एक्सवाय. एक एक्स जादा असता तर क्लाइनफेल्टर म्हणाले असते. साधारण सहाशे पुरुषांत एकाला तो असतो आणि अनेकांना मूल होईना म्हणून तपासलं तेव्हाच कळतं. माझं दुखणं दुसऱ्या कागदावर निघालं: वाय गुणसूत्रावरचा एझेडएफसी हा तुकडाच गायब. डीएनएच्या सुमारे ३५ लाख अक्षरांचा.

एवढा मजकूर हरवतो कसा, हे समुपदेशक मॅडम आकृती काढून सांगत होत्या, पण मला ते कामातूनच कळलं. जुन्या नोंदवहीची नक्कल करताना एका पानावर दोन ओळी हुबेहूब सारख्या असल्या, की डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर घसरतो आणि मधलं सगळं सुटतं. वाय गुणसूत्रावर अशा जवळजवळ जुळ्या ओळी खूप आहेत, चांगल्या लांबलचक. ज्या शुक्राणूपासून मी झालो, तो घडताना तशी घसरण झाली. बाबांचं स्वतःचं गुणसूत्र बहुधा शाबूत असणार.

लहानपणी मला गालगुंड झाले तेव्हा दुर्लक्ष केलं, असं आई इतकी वर्षं मनात धरून बसली होती. हे ऐकून आई सुटली आणि बाबा अडकले. "म्हणजे माझ्याकडूनच," एवढंच म्हणाले. चूक कुणाची नसते, नक्कल करताना ओळ सुटते, असं मी त्यांना चार वेळा सांगितलं. पटलं असं वाटत नाही.

कुठला तुकडा सुटला यावर पुढचं सगळं ठरतं. एझेडएफए किंवा एझेडएफबी पूर्ण गेला असता, तर वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळपास नसते. डॉक्टर शस्त्रक्रिया करूच नका म्हणतात. एझेडएफसीत जवळपास निम्म्या जणांना सापडतात. म्हणून मायक्रो-टेसे. वृषण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली जरा फुगीर, पांढरट नलिका शोधून तेवढ्याच काढायच्या. माझ्यात अगदी थोडे मिळाले. बायकोची नऊ बीजं निघाली, सात परिपक्व. प्रत्येकात सुईने एकच शुक्राणू सोडला. ही इक्सी पद्धत १९९२ सालची. त्याआधी माझ्यासारख्याचं प्रकरण दाखल होण्याआधीच निकाली निघायचं. सातांतून चार फळली, पाचव्या दिवसापर्यंत दोन टिकली. पहिलं रोपण फसलं. त्या पंधरवड्याबद्दल मला लिहायचं नाही.

पण शस्त्रक्रियेच्याही आधी मॅडमनी विचारलं होतं, "मुलगी झाली तर तिच्याकडे तुमचा वाय जाणारच नाही. मुलगा झाला तर हाच वाय जाईल, सुटलेल्या ओळींसकट. विचार केलाय?" आम्ही नव्हता केला. बायको घरी येईपर्यंत गप्प होती. दारात चपला काढताना म्हणाली, "तुझ्या आईबाबांना आधी कळलं असतं, तर तू नको होतास का रे त्यांना?"

मुलगा झाला. आता सात वर्षांचा आहे, दात पडतायत. वेगळी तपासणी करायची गरजच नाही, वाय माझाच आहे. अशांपैकी काहींना तरुणपणी थोडे शुक्राणू असतात आणि वयाबरोबर ते घटू शकतात, म्हणून वेळेत तपासून गोठवून ठेवावेत, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्याच्या लसीकरणाच्या कार्डामागे मी माझा रिपोर्ट लावलाय आणि वर चिठ्ठी: 'अठराव्या वर्षी वीर्यतपासणी कर. आढळल्यास गोठवून ठेव.'

बायकोने वाचली. "कार्यालयीन टिपणी वाटतेय. आधी दोन शब्द मायेचे लिही की."

चिठ्ठीवर वरती जागा सोडलीय. अजून कोरीच आहे.