आजीची सुई

आजीच्या वारीच्या पिशवीत तुळशीची माळ, हरिपाठाची सुटी झालेली पानं, बुक्क्याची डबी आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला काळा दोरा होता. दोऱ्यात सुई खुपसलेली. आजी गेल्यापासून पिशवी खुंटीलाच होती. 2024 च्या जूनमध्ये मी आळंदीला निघाले, तेव्हा आईनंच ती काढून माझ्या खांद्याला अडकवली. सुई कशाला, म्हणून मी बाजूला काढत होते. "राहू दे, आई कायम न्यायची," एवढंच ती म्हणाली.

आजी परभणीकडची. आजोबा लवकर गेले. चार लेकरं तिनं लोकांच्या रानात खुरपून मोठी केली आणि सर्वांत धाकटं हाताशी आल्यावर माळ घातली. मग एकतीस वाऱ्या. पाऊस लांबून पेरणी अडली की घरात कुरकुर व्हायची. ती सगळं ऐकून घ्यायची, शेणगोठा उरकायची आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत असायची. परत आल्यावर आम्ही नातवंडं तिला घेरायचो. ती रिंगणात माऊलींचा अश्व कसा धावला ते अंगणात दाखवायची, चुरमुरे वाटायची. "त्रास झाला का गं आजी?" तर म्हणायची, "माऊलीनं नेलं, माऊलीनं आणलं." आम्हाला तेच खरं वाटायचं.

2 जुलैला एकादशी होती. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट आणि पोटात उपवास. घाटात टाळांच्या नादात पाऊल आपोआप पडत होतं. सासवडला राहुटीत बसले तेव्हा कळलं, दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड आलेत. उद्या उभंसुद्धा राहता येणार नाही असं वाटून मी गप्प रडत होते.

दिंडीतली एक म्हातारी, आजीच्या शेजारी वर्षानुवर्षं चाललेली, जवळ सरकली. "पिशवीत सुई असंल बघ तिची."

तिनं सुई शेगडीवर धरली, दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. "हा काढायचा न्हाई. रातभर पाणी झिरपतं, कातडं तसंच ऱ्हातं." मग पाय मांडीवर तसाच ठेवून म्हणाली, "तुझ्या आजीनं माझ्या पायात किती दोरे घातले असतील, माऊली! जागर झाला की ती ओळीनं बायांचे पाय बघत जायची. आपले सगळ्यात शेवटी."

एकतीस वर्षांत तिच्या तोंडून 'फोड' हा शब्द आम्ही ऐकला नव्हता.

2020 ची आषाढी आठवली. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकरी घरीच राहिले. आजी रोज पहाटे अंगणात फेऱ्या घालायची. "आज जेजुरी," म्हणायची. "आज लोणंद." फेऱ्या घालताना ती चपला का काढते हे मी विचारलंच नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

दोन दिवसांनी जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला, मग नीरेत पादुकांचं स्नान झालं. लोणंदच्या तळावर समाज आरतीला चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला आणि एवढा जनसमुदाय एका क्षणात शांत झाला. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जात होत्या. आजीचा नाव घातलेला तांब्या एकदा असाच इथं परत मिळाला होता. त्याच तांब्यातून मी लहानपणी पाणी प्यायलेय. पुढं वेळापूरच्या अलीकडे धाव्याला, म्हणजे पंढरीच्या ओढीनं सगळे धावत सुटतात तिथं, सगळ्यांबरोबर मीही धावले, टाचेत दोरा असताना.

पंढरीत दर्शनाची रांग संपण्यातली नव्हती. चंद्रभागेत उतरले, कळस पाहिला. आजीनंही बहुतेक वाऱ्यांना कळसच पाहिला होता. बारस सोडून घरी आले.

आईनं उंबऱ्याबाहेरच थांबवलं, पायांवर पाणी घातलं आणि मी नको नको म्हणताना वाकली. वाखरीहून निघालेल्या दिवशी शेवटचा फोड आला होता, त्याचा दोरा अजून टाचेत होता. आईनं तो बोटांत धरला, पण ओढला नाही.

"आईच्या पायातबी असायचा," ती म्हणाली. "मी विचारलं की म्हणायची, काटा रुतलाय."