साइक्स आडनावाचा माग: नकाशा, कर-याद्या आणि वाय गुणसूत्र

इंग्रजी आडनावांपैकी सध्या मी 'साइक्स'वर काम करतेय. साइक म्हणजे ओहोळ, बहुतेकदा शेताच्या किंवा गावाच्या हद्दीवरून वाहणारा. उत्तर इंग्लंडात असे ओहोळ पदोपदी आहेत, त्यामुळे ओहोळाकाठी राहणाऱ्या कितीतरी घरांना हे नाव वेगवेगळं पडलं असणार, असं जुन्या अभ्यासकांनी धरलं होतं.

आधी १८८१ च्या जनगणनेवरून नकाशा केला. ही जनगणना पूर्ण उतरवून काढलेली असल्याने सुरुवातीला फार सोयीची पडते. ओहोळ सगळीकडे, पण साइक्स मात्र यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, त्यातही हडर्सफील्डच्या आसपास दाटलेले. कोल्न नदीच्या खोऱ्यात तर हे नाव रांगेने सापडतं. घरोघरी माग चालवून लोकरीचं कापड विणणाऱ्यांचा हा मुलूख. पुढे तिथेच गिरण्या उभ्या राहिल्या. कामासाठी खोरं सोडावं लागलं नाही, म्हणून वंश तिथल्या तिथे वाढला, असं मला वाटतं.

मग मागे सरकले. पॅरिश नोंदवह्या, म्हणजे चर्चने ठेवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी, १५३८ पासून सुरू होतात. त्याआधीचा मोठा आधार म्हणजे १३७९ चा डोईपट्टीचा कर. १६ वर्षांवरच्या माणसाला किमान ४ पेन्स भरावे लागत, नवरा-बायकोला मिळून एकच पट्टी, भिकाऱ्यांना माफी. यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या याद्या बऱ्याच शाबूत आहेत आणि त्यांच्या छापील नकलाही मिळतात. जोडीला वेकफील्ड जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या, १२७४ पासूनच्या! जमिनीची देवघेव, दंड, भांडणं, सगळं लॅटिनमध्ये. तिथे नाव 'डेल साइक' असं भेटतं, म्हणजे 'ओहोळापाशी राहणारा'. पुढे 'डेल' गळून पडतं. बापाचं आडनाव मुलाला चिकटायला लागलं ते याच सुमारास.

खरी गंमत २००० साली झाली. ऑक्सफर्डचे जनुकतज्ज्ञ ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हेन यांनी साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय गुणसूत्र चार खुणांवर, म्हणजे त्यावरच्या चार ठरावीक जागांवर, तपासलं. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच निघाला, आणि त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत तो आढळला नाही. निष्कर्ष काय, तर आजच्या साइक्स मंडळींचा मूळपुरुष एकच. उरलेल्यांची संगती त्यांनी अशी लावली की, मधल्या ७०० वर्षांत कुठेतरी आडनाव तेच राहिलं पण बाप वेगळा होता. त्याचं प्रमाण त्यांनी पिढीमागे सरासरी १.३ टक्के धरलं. दत्तक मूल किंवा आईचं आडनाव लावणारा मुलगाही यात येतोच.

माझं मत थोडं निराळं आहे. मूळपुरुष एकच 'होता' आणि एकच 'टिकला' यात फार अंतर आहे. आडनावं रुजत असतानाच १३४८-४९ ची प्लेगची साथ आली आणि तिने इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसं नेली. ज्या घराण्यात दोन-तीनच पुरुष होते, त्यातली कितीतरी तेव्हाच बुडाली असतील. एखादं वाचलं आणि फोफावलं, की सातशे वर्षांनंतर तेच एकटं मूळ वाटतं. २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावं तपासली, तेव्हा दुर्मीळ आडनावांत वाय गुणसूत्राची एकवाक्यता जास्त आणि स्मिथसारख्या सर्वदूर पसरलेल्या आडनावात ती जवळजवळ नाहीच, असं दिसलं. त्यांनीही वंश बुडण्या-वाढण्याच्या योगायोगाला मोठं वजन दिलं. म्हणून जुन्या अभ्यासकांची 'अनेक उगम' ही गोष्ट मी अजून बाद केलेली नाही.

आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांना हे आडनाव ओळखीचं असेल. दख्खनच्या खडकाळ माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला विल्यम हेन्री साइक्स यांचं नाव आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतले हे अधिकारी १८२४ मध्ये मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी झाले आणि त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा जन्म ब्रॅडफर्डजवळचा, म्हणजे हडर्सफील्डपासून पंधरा-वीस किलोमीटरवरचा.

हे घराणं कोल्नच्या खोऱ्यातल्या शाखेला जोडता येतं का, ते आता ब्रॅडफर्डकडच्या अठराव्या शतकातल्या लग्ननोंदींत शोधतेय. नोंदवह्या चाळताना 'साइक', 'साइक्स' आणि त्यांची इंग्रजी I व Y अशी दोन्ही स्पेलिंगं एकत्र शोधा, एरवी अर्धं घराणं हातातून निसटतं. कुणी त्या भागातल्या पॅरिश वह्या आधीच उतरवल्या असतील तर जरूर कळवा.