वजन कुठे पडतं?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर आठवणी भराभर पुढे आल्या. त्यांतली एकच मी निवडली आहे. पाश्चात्त्य संगीताच्या लेखनात ३/४ आणि ६/८ अशी दोन मापं असतात; त्यांत नेमका फरक काय, हे मला या शाळेच्या संगीताच्या वर्गात कळलं. आज मी वाद्यवृंदांसाठी स्वरलेखन करते, नव्या वादकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच आडव्या रेघांवर लिहिलेलं संगीत, वाचायला शिकवते. त्या सगळ्याचा पाया त्या वर्गात घातला गेला आणि तो कसा घातला गेला, हे नीट लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं. बाईंचं नाव घालत नाही. जी मुलं त्यांच्या हाताखालून गेली, त्यांना कुठल्या बाई ते सांगावं लागणार नाही.

बाईंनी सुरुवात फळ्यावरच्या आकृत्यांनी केली. पोकळ गोळा, दांडी नाही, तो सेमीब्रीव्ह. त्याला दांडी दिली की मिनिम. गोळा भरला की क्रॉचेट. दांडीला एक शेपटी लावली की क्वेव्हर, दोन लावल्या की सेमीक्वेव्हर. दर पायरीला किंमत निम्मी होत जाते. इथवर कुणालाही पाठ करता येतं. मग त्यांनी विचारलं, "सेमीब्रीव्ह किती लांबीचा?" वर्ग म्हणाला, दोन मिनिमइतका. "आणि मिनिम?" दोन क्रॉचेटइतका. "बरं, मग क्रॉचेट किती लांबीचा?" कुणी म्हणालं एक सेकंद. बाई म्हणाल्या, "फळ्यावर सेकंद कुठे दिसला तुला?"

नोटेशनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वाटतं हीच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती सांगायचीच राहून जाते. स्वराच्या आकृतीला स्वतःची अशी लांबी नसते. ती फक्त शेजारच्या आकृतीशी असलेलं नातं सांगते. नकाशावर प्रमाण छापलेलं नसेल, तर एक गाव दुसऱ्यापेक्षा दुप्पट दूर आहे एवढंच कळतं, किती मैल ते कळत नाही, तसंच हे. प्रमाण वेगळं द्यावं लागतं. पूर्वी ते अडाजिओ (सावकाश), अलेग्रो (जलद) अशा शब्दांनी दिलं जायचं. १८१५ साली मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं आणि त्यानंतर मिनिटाला किती ठोके, हा आकडा लिहायची सोय झाली. बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या सिंफनींसाठी असे आकडे प्रसिद्धही केले. 'क्रॉचेट = ६०' असं लिहिलं असेल तर क्रॉचेट एका सेकंदाचा. १२० लिहिलं असेल तर तोच क्रॉचेट अर्ध्या सेकंदाचा. कागदावरची आकृती दोन्हीकडे तीच.

टिंबाचं गणितही त्याच तासाला झालं. स्वराच्या पुढे टिंब दिलं की त्याच्या निम्मी किंमत त्यात मिळवायची, म्हणजे टिंब दिलेला मिनिम तीन क्रॉचेटचा. दुसरं टिंब पहिल्या टिंबाच्या निम्मं, म्हणजे साडेतीन. रेस्टवर मात्र बाई रेंगाळल्या. प्रत्येक स्वराच्या किमतीची एक शांतता असते आणि तिलाही स्वतःचं चिन्ह असतं. सेमीब्रीव्हचा रेस्ट रेघेला खाली लटकतो, मिनिमचा रेघेवर बसतो. तो लटकणारा रेस्ट अख्ख्या बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या एका मापाच्या, शांततेसाठीही वापरतात, मग बार चारचा असो की तीनचा. वाजवणारी मुलं रेस्ट आला की मनानेही थांबायची, आणि बाई लगेच टेबलावर बोटं वाजवायच्या. "वाजवू नकोस. मोजणं का थांबवलंस?" ऑर्केस्ट्रामध्ये पन्नास-साठ बार गप्प बसून नेमक्या क्षणी आत येणारा ट्रॉम्बोनवाला पाहिला की मला हा प्रश्न ऐकू येतो.

मग आली टाइम सिग्नेचर. एकावर एक दोन आकडे. स्टाफवर त्यांच्यामध्ये रेघ नसते आणि तो अपूर्णांकही नाही. आपण टाइप करताना सोयीसाठी तिरकी रेघ देतो. खालचा आकडा सांगतो की मोजायला कुठली आकृती घेतली आहे: ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर, २ म्हणजे मिनिम. वरचा सांगतो की एका बारमध्ये तशा किती. शिकवणारे सहसा इथे थांबतात. पण एवढ्यावर थांबलं तर ३/४ आणि ६/८ हे एकच ठरतात. तीन क्रॉचेट म्हणजे सहा क्वेव्हर. बार दोन्हीकडे तेवढाच भरतो. मग दोन वेगळ्या खुणा कशाला?

बाईंनी उत्तर दिलं नाही. वर्गाचे दोन भाग केले. सगळ्यांनी एकाच चालीत एक ते सहा म्हणत राहायचं, कुणी घाई करायची नाही. डावीकडच्यांनी एक आणि चारवर टाळी द्यायची, उजवीकडच्यांनी एक, तीन आणि पाचवर. पहिली काही आवर्तनं नुसता गोंधळ झाला. मग अचानक तो बसला. 'एक'वर सगळा वर्ग एकदम वाजायचा, मग तीनवर उजवीकडचे, चारवर डावीकडचे, पाचवर पुन्हा उजवीकडचे, आणि परत 'एक'वर सगळे एकत्र. कुणी पुढे गेलं नव्हतं, कुणी मागे पडलं नव्हतं. आकडे तेच, वेग तोच, आणि तरीही खोलीत दोन वेगळी संगीतं चालू होती. डावीकडे दोन पावलांचं डोलणं होतं, उजवीकडे तीन पावलांचं नृत्य.

"कळलं?" बाई म्हणाल्या. "किती आहेत हे दोघांचं सारखं. वजन कुठे पडतं, ते वेगळं."

तबला शिकणाऱ्या एका मुलाने लगेच विचारलं, "बाई, मग ६/८ म्हणजे दादराच ना?" प्रश्न चांगलाच होता. दादऱ्यातही सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत असतात, सम पहिलीवर आणि खाली चौथीवर. बाईंनी त्याला समजावलं की तालाबरोबर ठेका येतो, बोल येतात, टाळी-खाली येते; टाइम सिग्नेचर यातलं काहीच देत नाही. ती फक्त सांगते की मोजायची आकृती कोणती, बार केवढा आणि भार साधारण कुठे. आतलं सगळं संगीतकाराने भरायचं. इतकं स्वच्छ उत्तर मी पुढे मोठमोठ्या शिक्षकांकडूनही क्वचितच ऐकलं.

त्या टाळ्यांनंतर बाकीचं आपोआप उलगडत गेलं. ६/८ मध्ये ठोके सहा नसून दोन असतात, आणि प्रत्येक ठोका टिंब दिलेल्या क्रॉचेटचा. ९/८ मध्ये तसेच तीन, १२/८ मध्ये चार. क्वेव्हर जोडणाऱ्या आडव्या पट्ट्याही याच भारावर बेततात: ६/८ मध्ये तीन-तीनच्या जोडण्या, ३/४ मध्ये दोन-दोनच्या किंवा सहाही एकत्र. वादक पान पहिल्यांदा बघून वाजवतो तेव्हा तो सुटे स्वर वाचत नाही, हे गट वाचतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पानांत ३/४ चा बार तीन-तीनच्या पट्ट्यांनी बांधलेला दिसला, तर मी तो आधी दुरुस्त करते, मग बाकीचं बघते. चुकलेला स्वर कानाला लगेच कळतो. चुकीची पट्टी मात्र वादकाचा भारच हलवते, आणि दोष कुठे आहे ते सापडायला तालीम वाया जाते.

हे सगळं किती जुन्या शोधावर उभं आहे, ते मी नंतर वाचलं. स्वराच्या आकृतीवरूनच त्याची लांबी कळावी, ही पद्धत तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रकाराने आपल्या ग्रंथात नीट मांडली. त्या काळी तीनचं विभाजन पूर्ण मानलं जाई, ख्रिस्ती त्रिमूर्तीशी त्याचा संबंध जोडून. पुढे खुणा आल्या तेव्हा तीनसाठी पूर्ण वर्तुळ आलं आणि दोनसाठी अर्धवट. ४/४ ऐवजी आजही जो इंग्रजी सी-सारखा आकार लिहितात, तो हाच अर्धवट राहिलेला गोल.

पाचच्या मापालाही बाईंचीच किल्ली लागते. चायकोव्हस्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग ५/४ मध्ये आहे. पाच मोजत बसलात तर अडखळाल. दोन आणि तीन असं वजन धरा, तो वाहू लागतो. आणि बर्नस्टाइनच्या १९५७ च्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकातलं 'अमेरिका' हे गाणं तर एक बार ६/८, एक बार ३/४ असं आलटून पालटून चालतं. क्वेव्हरची चाल जराही बदलत नाही, फक्त वजन सरकतं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या वर्गाचे दोन्ही भाग पाळीपाळीने वाजत आहेत असं वाटलं, आणि मी बाईंना त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं.

आज शाळेच्या बँडमध्ये असणाऱ्या मुलामुलींसाठी बाईंचा पुढचा धडा इथे देते, कारण तो एकट्यानेही करता येतो. मांडीवर दोन्ही हात ठेवा. सावकाश, सारख्या चालीत एक ते सहा मोठ्याने म्हणा. उजव्या हाताने एक, तीन, पाच वाजवा, डाव्याने एक आणि चार. जमेपर्यंत वेग वाढवू नका. जमलं की तोंडाने मोजणं बंद करा आणि हात चालू ठेवा. मग हातांची कामं बदला. ते बदललेलंही स्थिर झालं की बँडच्या कुठल्याही पानावरचा एक बार घ्या आणि पट्ट्यांचे गट बघून वजन कुठे आहे ते आधी हातांना सांगा, वाद्य मग उचला.